खात्री मागणं थांबवा

डोक्यात एकच विचार घोळायला लागला की वाटतं, या विचारानेच छळ मांडलाय. साहेबांना पाठवलेल्या मेलमधलं ते वाक्य उद्धट तर नव्हतं? डोकं दुखतंय ते साधंच असेल ना? साखरपुड्यात नणंदेशी मी जरा तोडूनच बोलले का? कर्जाच्या कागदावर सही नीट जागी केली ना? प्रश्न एका ओळीचा असतो. त्याला उत्तर द्यायला बसलं की तास निघून जातो, आणि तासानंतरही प्रश्न होता तिथेच असतो.

ज्यांचे असे तास रोज जातात त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: विचार येण्याचा त्रास फार थोडा असतो. खरा त्रास होतो तो आपण त्याला देत बसलेल्या उत्तरांचा. मनात काय यावं हे आपल्या हाती नाही. आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे, आणि सरावाने ते आणखी हाती येतं.

आधी एक भीती दूर करू. असे विचार येतात म्हणून तुम्ही वाईट नाही, विकृत नाही, वेडेही होत नाही. १९७८ मध्ये लंडनमधल्या स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं होतं, की नको असलेले, विचित्र, भीतिदायक विचार तुमच्या मनात आपोआप येतात का? सुमारे ८० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. त्यांच्या विचारांचा मजकूरही अशाच विचारांनी आजारी असलेल्या रुग्णांच्या विचारांसारखाच निघाला. लोकलच्या फलाटावर उभं असताना ‘समोरच्याला ढकललं तर?’ गच्चीच्या कठड्याशी ‘उडी मारली तर?’ बाळाला न्हाऊ घालताना ‘माझ्याच हातून याला काही झालं तर?’ देवापुढे हात जोडलेले असताना मनात उमटलेली शिवी. बहुतेक जण असा विचार आला की दचकतात, मान झटकतात आणि पुढच्या कामाला लागतात. काही जण तिथेच थांबतात. ‘मला असं सुचलंच कसं?’ असं विचारतात आणि त्या विचाराची चौकशी सुरू करतात. दोघांचा विचार तोच असतो. पुढची चौकशी तेवढी वेगळी.

मग विचार दाबून टाकावा का? तेही जमत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर समोरची घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात ते अस्वल अधिक वेळा आलं. ‘तो विचार मनातून काढून टाक’ हा सल्ला घराघरांत प्रेमापोटीच दिला जातो, पण अशा माणसाला तो देऊ नये. काढून टाकायचं म्हणजे आधी तो आहे का हे तपासत राहावं लागतं, आणि तपासलं की तो सापडतोच.

दाबायचंही नाही आणि सोडवतही बसायचं नाही, तर करायचं काय? त्यासाठी आपण विचाराला उत्तर देतो म्हणजे नेमकं काय करतो, हे ओळखावं लागतं. ही उत्तरं अनेक वेषांत येतात आणि त्यातली कित्येक उत्तरं आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही.

सगळ्यांत उघड वेष म्हणजे विचारणं. ‘अहो, मी मघाशी बोलले ते त्यांना लागलं नसेल ना?’ नवरा म्हणतो, ‘नाही गं, काही नाही.’ थोडा वेळ बरं वाटतं. मग मन म्हणतं, यांनी नीट ऐकलं तरी होतं का? की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले? पुन्हा विचारलं जातं, या वेळी बहिणीला, फोनवर. दुसरा वेष तपासण्याचा. गॅसचं बटण, दाराची कडी, पाठवलेला मेसेज, त्यापुढच्या निळ्या खुणा. हल्ली अनेक जण घरातून निघताना गॅसच्या बटणाचा मोबाईलवर फोटो काढतात, म्हणजे ऑफिसात शंका आली तर बघता येईल. पण मग शंका फोटोवर येते. हा आजचाच का, कालचा तर नाही? तिसरा वेष इंटरनेटवर शोधण्याचा. डोकेदुखीपासून निघालेला माणूस अर्ध्या तासात मेंदूच्या गाठीपर्यंत पोहोचतो, मग ‘गाठ नसण्याची लक्षणं’ शोधतो.

चौथा वेष सगळ्यांत फसवा, कारण तो बाहेर कुणाला दिसत नाही. आपण जागचे हलतही नाही आणि मनातल्या मनात तो प्रसंग पुन्हा लावतो. तिने असं म्हटलं, मी तसं म्हटलं, मग तिचा चेहरा कसा झाला? एका बाजूने पुरावे मांडतो, दुसऱ्या बाजूने खोडतो. वाईट विचार आला म्हणून लगेच एक चांगला विचार करून तो ‘पुसतो’. मनात माफी मागतो. लोकांना वाटतं हा शांत बसलाय, आणि आत कोर्ट भरलेलं असतं.

या सगळ्यांतून मिळतो तो घटकाभराचा दिलासा. अंगाला खाज सुटली की खाजवल्यावर बरं वाटतं आणि थोड्याच वेळात ती जास्त सुटते, तसंच हे आहे. उत्तर मिळाल्यावर मेंदू दोन गोष्टी शिकतो. एक, हा प्रश्न खरोखरच धोक्याचा होता, नाहीतर एवढी धावपळ कशाला केली असती? दोन, विचारलं की बरं वाटतं. मग तो पुढच्या वेळी तोच प्रश्न अधिक जोरात समोर आणतो.

इथे कुणी म्हणेल, पण विचार केल्याशिवाय प्रश्न सुटतात का? नाही सुटत. म्हणून विचार करणं आणि घोळणं यांत फरक करायला शिकलं पाहिजे. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. तिथल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि उदास वाटल्यावर ते काय करतात याची पाहणी त्यांनी केली होती, आणि योगायोगाने त्यानंतर काही दिवसांतच, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात मोठा भूकंप झाला. नंतर पुन्हा पाहणी केली तेव्हा दिसलं, की आपल्याला असं का वाटतंय हे उकरत बसण्याची ज्यांची आधीपासूनची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर औदासीन्याची लक्षणं जास्त होती. विचार जास्त केला म्हणून त्यांना मार्ग जास्त सापडला असं काही झालं नाही.

फरक ओळखायची साधी कसोटी: कागदावर लिहा, ‘याबाबत आज माझ्या हातून करण्यासारखं काय आहे?’ उत्तर आलं, उदाहरणार्थ, ‘उद्या अकराला बँकेत फोन करून सही तपासायला सांगणे’, तर तो खरा प्रश्न होता. करून टाका आणि एकदाच करा. उत्तर येत नसेल, किंवा जे येतं ते ‘अजून नीट विचार करून बघते’ एवढंच असेल, तर ते घोळणं आहे. घोळणाऱ्या प्रश्नांत बहुधा ‘का’ किंवा ‘तर’ असतो. माझ्याच वाट्याला का? त्याला राग आला असेल तर? पुढे नेणारे प्रश्न ‘काय’ आणि ‘कधी’ असं विचारतात.

उत्तर न देता राहायचं कसं

विचार आला की स्वतःशी साध्या शब्दांत म्हणा, ‘तोच प्रश्न पुन्हा आलाय.’ मग म्हणा, ‘तसं असेलही, नसेलही. आत्ता मी याचं उत्तर शोधणार नाही.’ हे दुसरं वाक्य म्हणणं सोपं नाही. ‘असेलही’ म्हणताना पोटात खड्डा पडतो. तरीही तेच म्हणायचं, कारण ‘नाही, तसं काही नसणार’ असं म्हटलं की ते उत्तर झालं आणि मन लगेच उलटतपासणी सुरू करतं. ‘सगळं छान होईल’, ‘नेहमी सकारात्मक विचार करा’ हा उपदेश घोळणाऱ्या मनाच्या माणसाला अपाय करतो असं माझं स्पष्ट मत आहे. तो दिवसभर नकारात्मक विचारांवर सकारात्मक विचारांचे लेप लावत बसतो, आणि लेप निघाला की स्वतःलाच दोष देतो.

वाक्य म्हणून झालं की वाद संपवा. मन पुन्हा बोलावेल. ‘पण एकदाच नीट बघून घेऊ, मग सोडून देऊ’ हे त्याचं नेहमीचं आमंत्रण. त्यालाही उत्तर नाही. आणि हे वाक्य जपासारखं घोकायचं नाही. घोकलं तर तेही विचार पुसायचं फडकं बनतं. एकदा म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं.

काम म्हणजे विचार घालवण्यासाठी शोधलेलं मनोरंजन नव्हे. त्या वेळी जे करायचंच होतं ते काम. भाजी निवडायची होती तर भाजी निवडा, टॅलीत नोंदी करायच्या होत्या तर त्या करा. विचार डोक्यात असतानाच करा, तो जाण्याची वाट बघू नका. जपानमध्ये मोरिता शोमा या मनोविकारतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली उपचारपद्धती याच पायावर उभारली: भावना आपल्या हुकमाने बदलत नाहीत, त्या असतानाही करायचं ते काम करता येतं. पहिल्या दिवसांत काम निम्म्या लक्षाने होईल, मिठाचा अंदाज चुकेल. चालेल.

शरीराचाही यात मोठा वाटा असतो. छाती धडधडते, हात गार पडतात, घशात आवंढा येतो, आणि मग आपण त्या धडधडीलाच घाबरतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ साली घाबरट मनावर लिहिलेलं पुस्तक गाजलं. त्यांनी पहिली भीती आणि दुसरी भीती असा भेद केला होता. पहिली आपोआप येते, झटक्यासारखी, आणि तिला ओसरू दिलं तर ती ओसरते. दुसरीची भर आपण घालतो: ‘अरे देवा, पुन्हा सुरू झालं, आता काही खरं नाही.’ हा भेद ज्याला अंगात ओळखता आला त्याचं अर्धं काम झालं. धडधड सुरू झाली की खांदे सैल सोडा, दात आवळले असतील तर जबडा ढिला करा, आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. चार अंक मोजून घ्या, सहा-सात अंक मोजून सोडा, पाचेक मिनिटं. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. भ्रामरी येत असेल तर तीच करा. गुणगुणण्यात श्वास आपोआप लांबतो. तोंडावर गार पाण्याचे हबके मारण्याची जुनी पद्धतही बरोबर आहे. चेहऱ्याला गार पाणी लागलं की ठोके मंदावतात, ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे.

फक्त एक जपा. प्रत्येक श्वासानंतर ‘गेला का विचार?’ असं तपासू नका. श्वास शरीर निवण्यासाठी आहे. विचार त्यानंतरही तिथेच असेल तर असू द्या.

ज्यांना ‘उत्तर देणार नाही’ हे एकदम झेपत नाही त्यांनी उशीर करायला शिकावं. आईला फोन करून विचारावंसं वाटतंय? दहा मिनिटांनी करू. दहा मिनिटांनीही तीव्रता तेवढीच असेल तर आणखी दहा. तोवर ती ओसरते असं कित्येकदा दिसेल, आणि न विचारताही ती ओसरते हे मेंदूला कळणं हाच यातला धडा आहे. गॅस एकदाच बंद करायचा, बटणाकडे बघत, आणि निघायचं. दारातून परत यायचं नाही. फोटो नाही.

दिवसभर काळजी करणाऱ्यांसाठी आणखी एक उपाय आहे, थोडा विचित्र वाटणारा, पण चांगला. थॉमस बॉर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो मांडला. काळजीसाठी रोजची अर्धा तासाची वेळ आणि जागा ठरवायची. दिवसा काळजी आली की वहीत एका ओळीत टिपायची आणि तिला संध्याकाळची वेळ द्यायची. ठरलेल्या वेळी वही उघडून मनसोक्त काळजी करायची. बऱ्याच ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात. ही वेळ झोपेच्या तोंडावर नको आणि अंथरुणात तर मुळीच नको. जेवणाआधी, खुर्चीत बसून, दिवा लावून. मात्र ज्यांचा विचार एकच आणि तोच असतो, किळसवाणा किंवा पापाचा, त्यांनी अर्धा तास त्याच्या उकलीत घालवू नये. त्यांच्यासाठी वरचं ‘असेलही, नसेलही’ बरं.

देव, जप आणि पापाची भीती

आपल्याकडे पापाच्या भीतीबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही आणि माणसं वर्षानुवर्षं एकटी सोसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भाविक माणसाला देवघरातच घाणेरडे विचार येतात, आणि त्याला वाटतं आपण महापापी आहोत. खरं म्हणजे ज्याला जे सर्वांत प्रिय, सर्वांत पवित्र, त्याच्याभोवतीच असे विचार गोळा होतात. ज्याला देवाचं काहीच वाटत नाही त्याला देवाविषयीचा अभद्र विचार छळत नाही. नव्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार येतात आणि ती सुऱ्या लपवून ठेवते, बाळाला एकटीने घ्यायचं टाळते. तिचा जीव त्या बाळात अडकलेला असतो, म्हणूनच तो विचार तिला इतका हादरवतो. अशा आईला धीर द्यावा, तिच्याकडे संशयाने बघू नये, आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जावं. बाळंतपणानंतर ही तक्रार बऱ्याच जणींना होते आणि ती बरी होते. मात्र तिला तो विचार नकोसा न वाटता पटू लागला, कुणाचे तरी आवाज ऐकू येऊ लागले, ती भ्रमिष्टासारखं बोलू लागली, तर ती वेगळी आणि तातडीची बाब आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

जपाचं काय? नामस्मरणाने मन निवतं हा कित्येकांचा अनुभव आहे, आणि तो खोटा म्हणण्याचं कारण नाही. शांतपणे, एका लयीत केलेला जप श्वासही संथ करतो. पण तोच जप कधी कधी उत्तर देण्याचा आणखी एक वेष बनतो. १०८ मणी झाले, मध्येच वाईट विचार आला, म्हणून माळ पहिल्यापासून. पुन्हा आला, पुन्हा पहिल्यापासून. आंघोळ करून सोवळं नेसलं आणि कशाला तरी हात लागल्याची शंका आली, म्हणून परत आंघोळ. जप तुम्हाला मोकळं करतोय की भीतीपोटी करावा लागतोय, हे तुमचं तुम्हाला कळतं. भीतीपोटी होत असेल तर माळ एकदाच ओढायची, मध्ये काहीही मनात आलं तरी पुढे जायचं आणि संपली की उठायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा ज्यांच्यावर श्रद्धा आहे त्या गुरूंनी ‘एकदा केलेली पूजा पोहोचते’ एवढं एकदाच सांगितलं तरी मोठा आधार होतो. रोज सांगायला लागले तर तो आधार राहत नाही.

रात्री

पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते आणि दिवसा क्षुल्लक वाटणारी गोष्ट डोंगराएवढी होते. रात्रीचा एकच नियम कडक पाळा: अंथरुणात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, कुणाला मेसेज पाठवायचा नाही, कशाचाही अर्थ लावायचा नाही. वीसेक मिनिटांत पुन्हा झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा, झोप आली की परत या. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरली जाते. अंथरुणाचं नातं काळजीशी जुळू द्यायचं नाही, हा तिचा हेतू. एका खोलीत चौघं झोपत असतील तर निदान उठून भिंतीला टेकून बसा. मोबाईल हातात घेऊ नका. आणि संध्याकाळचा चहा-कॉफी मोजा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कडक चहाचा परिणाम अकरालाही अंगात असतो.

घरच्यांसाठी

घोळणाऱ्या माणसाच्या घरातली माणसंही थकतात. आधी समजूत घालतात, मग चिडतात, मग पुन्हा समजूत घालतात. ‘हो गं बाई, बंद केलाय गॅस!’ असं दिवसातून वीसदा म्हणणं हे प्रेमच असतं, पण त्याने आजार पोसला जातो. ‘वेड्यासारखं काय तेच तेच!’ म्हटल्याने तो लपतो, कमी होत नाही.

शांत वेळ बघून, भांडण नसताना, दोघांनी मिळून ठरवा. यापुढे या ठरावीक प्रश्नाला उत्तर एकदाच मिळेल. पुन्हा विचारलं तर मी म्हणेन, ‘हा तोच प्रश्न आहे, आपलं ठरलंय. पण मी इथेच आहे. चल, जरा चालून येऊ.’ उत्तर थांबवायचं आणि सोबत वाढवायची. हे परस्पर, न सांगता सुरू करू नका. अचानक गप्प झालेला नवरा किंवा आई म्हणजे त्या माणसाला नवीन काळजी. दहावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत तर फार जपून. ‘पेपरवर नंबर बरोबर लिहिला ना मी?’ असं मूल रात्री पाचव्यांदा विचारत असेल तर त्याच्याजवळ बसा, हात हातात घ्या, आणि पाचव्यांदा ‘हो’ म्हणू नका.

मैत्रिणींजवळ मन मोकळं करण्याबद्दलही सांगायला हवं. दुःख सांगावं, जरूर सांगावं. पण तीच तक्रार, त्याच तपशिलासह, त्याच मैत्रिणीशी आठवडाभर चघळली जाते तेव्हा मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीच्या अभ्यासात नेमकं हे दोन्ही एकत्र दिसल्याचं मांडलं. मैत्रिणीला तुमची काळजी असेल तर ती तिसऱ्या फोनला ‘मग तू काय करायचं ठरवलंस?’ असं विचारेल.

या सगळ्या घोळण्याच्या मुळाशी एक हट्ट आहे: मला खात्री हवीच. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा रोख याच ‘हवंच’वर आहे. मराठी वाचकांपर्यंत ती पोहोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा, आणि अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे एलिस अनेक घरांत ओळखीचे झाले. खात्री मिळाली तर बरं, नाही मिळाली तर अवघड जाईल, पण सोसता येईल, इथवर मनाला आणायचं. ते नुसतं पटवून होत नाही. एलिस यांना तरुणपणी मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटायची. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात शंभर अनोळखी तरुणींशी स्वतःहून बोलण्याचा नेम केला. भेटायला तयार झाली एकच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.

तुम्ही उत्तर द्यायचं थांबवाल तेव्हा पहिल्या दिवसांत अस्वस्थता वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो. वाढली म्हणजे उपाय चुकला असं समजू नका. सण, परीक्षा, आजारपण, पाळीच्या आधीचे दिवस, अशा वेळी जुने प्रश्न परत येतात. प्रगती मोजायचीच तर विचार आला की नाही यावर मोजू नका. तो आल्यावर त्याच्या मागे किती वेळ गेला, यावर मोजा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

हे विचार आणि त्यांच्यासाठी केलेल्या कृती मिळून दिवसाचा एक तास किंवा जास्त खात असतील, त्यांच्यापायी तुम्ही कामं, माणसं, जागा टाळू लागला असाल, तर हा मंत्रचळ असू शकतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. तो स्वभावदोष नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर केलेल्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली: भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं न्यायचं आणि नंतरचं धुणं-तपासणं करू द्यायचं नाही. त्यातूनच आजची मुख्य उपचारपद्धती घडली. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हे पायरीपायरीने करून घेतात. सोबत फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामीन यांसारखी औषधं दिली जातात. मंत्रचळात त्यांचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून अनेक जण ती सोडतात, तसं करू नका. झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी यांची चटक लागत नाही, पण स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. धडधड, वजन घटणं, हाताला कंप असं सोबत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. तो वाढल्यानेही मन असंच सैरभैर होतं.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे बाह्यरुग्ण विभागात नुसता सल्ला घ्यायला जाता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही. एवढंही जमत नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, मरणाचा विचार पटू लागला असेल, तर या लेखातलं काहीही एकट्याने करून बघत बसू नका. आत्ता जवळ असलेल्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि १४४१६ किंवा ११२ ला फोन लावा.

मंत्रचळ असलेली माणसं लाजेपोटी वर्षानुवर्षं डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. तुम्हीही तसेच थांबला असाल तर या आठवड्यात वेळ घ्या. काय सांगायचं ते सुचत नसेल तर मनात येणारा तो विचार एका कागदावर लिहा आणि कागद डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांनी असे विचार याआधीही ऐकलेले असतात.